एकच वायर

मे महिना. पारा बेचाळीसच्या पुढे
आणि पत्र्याच्या हॉलमध्ये आम्ही एकतीस शिक्षक,
सुट्टीतलं प्रशिक्षण, म्हणून आधीच चिडलेले.
कुणी हजेरीपत्रकानं वारा घेतंय,
बोल्लीसर विचारताहेत, चहा किती वाजता,
आणि प्रमाणपत्र आजच मिळणार का.

शिकवायला आली ती माझ्या निम्म्या वयाची.
रेवती गड्डम. विडी घरकुलातली.
हे तिनं सांगितलं नाही. तंबाखूचा वास
आईच्या हातांतून मुलीच्या ओढणीत उतरतो,
माझ्या वर्गातल्या अर्ध्या वह्यांना तो असतो.
मी ओळखते.

तिनं भाषण केलं नाही.
प्रत्येकापुढं ठेवलं
एक सेल, एक छोटा बल्ब, वीतभर वायर.
म्हणाली, पेटवा.

एवढंच?
एकोणीस वर्षं मी विद्युत परिपथ शिकवते.
फळ्यावर माझा सेल इतका सुबक येतो
की तपासणीला आलेले साहेब फोटो काढून घेऊन गेले.

वायर लावली. नाही.
उलटी लावली. नाही.
हळूच म्हटलं, मॅडम, दुसरी वायर द्यायची राहिली.
ती हसली नाही. म्हणाली, नाही राहिली.

शेजारी मुजावरसरांनी सेल बदलून मागितला,
मग बल्ब, मग स्वतःवरच हसले.
उर्दू शाळेत बावीस वर्षं झालीत त्यांची.
मला हसू येईना.
जिभेला खडूची चव आली होती,
आणि वाटत होतं, सगळे आपल्याकडंच बघताहेत.
माझी मुलं रोज ही चव गिळून घरी जात असतील.

चौदाव्या मिनिटाला
बल्बचं बूड सेलच्या टोकावर टेकलं, चुकून,
वायर त्याच्या पत्र्याच्या कमरेला लागली
आणि उजेड.
ज्वारीच्या दाण्याएवढा.

टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत.
हे चित्र मी आधी पाहिलं होतं.
सहावी ब. अंबादास चिलवेरी.
पेन्सिलीनं, थोडं तिरकं,
सेलवर बसलेला बल्ब, बाजूनं वळून गेलेली एकच वायर.
मी त्यावर लाल फुली मारली होती
आणि लिहिलं होतं, दोन वायरी. पुस्तक बघ.
तीनपैकी शून्य.

त्या संध्याकाळी मी सरळ घरी गेले नाही.
अक्कलकोट रोडला, यंत्रमागांच्या खडखडाटात
मोटारी बांधतो अंबादास,
तांब्याची तार दातांत धरून बसलेला.
तुझं उत्तर बरोबर होतं, मी ओरडले.
काय?
बरोबर होतं!
काही ऐकू जाईना.
शेवटी बाकावरच्या धुळीत बोटानं चित्र काढलं.
त्यानं बघितलं. बराच वेळ आठवेना त्याला.
मग तार तोंडातून काढून म्हणाला,
"हां, ते होय बाई.
आमच्या घरी वायरच एक होती."

जूनमध्ये विज्ञानाच्या कपाटाचं कुलूप फोडलं.
किल्ली कोणत्या मुख्याध्यापकांबरोबर निवृत्त झाली, माहीत नाही.
आत सूक्ष्मदर्शक, प्लास्टिकच्या पिशवीत,
फुटेल म्हणून कधीच न उघडलेला,
आणि झुरळांनी खाल्लेली सामानाची यादी.

आता सहावीत बावन्न मुलं, अठरा सेल.
सेल मुलांनीच आणलेत, घरच्या घड्याळांतले.
विज्ञानाच्या तासाला अठरा घरांत वेळ थांबते
आणि विड्या वळता वळता कुणाची तरी आई
मला शिव्या घालत असते.

भाग्यलक्ष्मी यन्नम बल्ब फिरवून फिरवून बघतेय.
चुकतेय. कुठं, ते मला दिसतंय.
"बाई, सांगा की."
नाही सांगत.
"मग दुसरी वायर तरी द्या की ओ."

माझे हात मी पाठीमागं धरून ठेवलेत,
एकमेकांत घट्ट.
एकोणीस वर्षांची सवय,
पुढं येऊ बघतात.