हात मांडीवर

सकाळी साडेसातला मी मिलमधून येतो,
पावणेआठला करुणा डेपोला निघते.
मधल्या पंधरा मिनिटांत
मित्रा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर.
दारातून करुणा सांगते,
बाटलीचं झाकण नीट आवळा,
आणि चप्पल घालता घालता पुन्हा : नीट.

बाटली म्हणजे कोल्ड्रिंकची, छोटी.
आत मूठभर ज्वारी, सहा चिंचोके.
मी झाकण आवळतो, वर चिकटपट्टीचे चार वेढे,
मग ओढून बघतो,
मिलमध्ये क्रेनची साखळी बघतो तसं.

चंदनझिऱ्याच्या या दोन खोल्यांत
दहापर्यंत ऊन सतरंजीवर असतं.
तिथंच मित्राला बसवतो.
आठ महिन्यांची आहे, अजून डावीकडं कलते,
म्हणून डाव्या अंगाला उशी.
पुढ्यात लाकडी चाटू, स्टीलची वाटी,
आणि भाजीची प्लास्टिकची टोपली,
तिच्या भोकातून करुणाच्या जुन्या ओढणीचं
बोटभर टोक बाहेर.
मामानं आणलेलं एक खेळणंही आहे,
बॅटरीचं, दिवे लावून इंग्रजी गातं.
त्याच्याकडं ती ढुंकूनही बघत नाही.

पहिले काही दिवस मी फार शिकवायचो.
असं वाजव. हे बघ, असं. अगं, असं.
ती माझ्या तोंडाकडं बघायची,
मग वाटीकडं, मग जांभई.
एकदा तर चाटू माझ्याच मांडीवर सोडून
अंगठा चोखत बघत बसली,
खेळा तुम्ही, चालू द्या.

तेव्हापासून हात मांडीवर.

सोपं नाही हे.
रात्रभर या हातांत चिमटा असतो.
लाल सळई रोलमधून सुटते
तेव्हा विचार करायचा नसतो,
धरायची, वळवायची, सोडायची.
त्या हातांना घरी येऊन सांगायचं,
बसा गप.

ती ओढणी ओढते.
भोकातून लाल येतं,
मग पिवळं, मग पुन्हा लाल.
ओढणी संपते तेव्हा टोपलीला विचारते,
आं?
टोपली बोलत नाही. मीही नाही.
मग ओढणीच तोंडावर घेते
आणि आत राहते.
एक. दोन.
माझा हात उठतोच,
तेवढ्यात ती बाहेर, केस विस्कटलेले,
घर जागेवर आहे का बघत.

अंबडहून फोन येतो.
मागं हॉर्न, कुणाचं तरी सुट्ट्या पैशांवरून भांडण.
काय करायली?
खेळायली.
कुणासंगं?
चाटूसंगं.
तुम्ही?
बघायलोय.
झोपू नका.
नाही.
पुढं सरका हो, पुढं जागा आहे, हे मला नसतं.

आठव्या दिवशी नळ येतो.
त्या दिवशी परातीत तीन बोटं पाणी,
आणि मी परातीला गुडघा लावून, जागचा हलत नाही.
ती पाण्याला थापट्या मारते,
पाणी उलटून तिला मारतं,
दोघांचंही समाधान होत नाही.
ते पाणी मग फरशीला,
फरशीचं डब्यातल्या कढीपत्त्याला.

आज वाटी घरंगळत कॉटखाली गेली.
मी बघितलं. तिनंही.
ती वाकली, अजून वाकली,
आणि उशीवर आडवी झाली, हळू, पोतं कलतं तशी.
रडेल वाटलं.
पण आडव्यानंच तिला कॉटखालचं सगळं दिसलं :
वाटी, माझा हरवलेला मोजा,
आणि अंधारात वाटीच्या कडेला अडकलेलं
एवढंसं ऊन.
कितीतरी वेळ ती त्याच्याशी बोलत होती.
मधेच मान वळवून माझ्याकडं बघितलं.
बोलावलं नाही, हसली नाही.
असल्याची खात्री केली
आणि परत कॉटखाली.

माझा डोळा लागला असावा, मिनिटभर.
बाटलीच्या आवाजानं दचकलो.
झाकण जागेवर. चिकटपट्टी जागेवर.
तरी बाटली घेतली, उजेडात धरली,
ज्वारी हलवून चिंचोके मोजले.
पाच.
पुन्हा हलवली.
सहा. सहाच.

मित्रा हात पुढं करून थांबलेली आहे.
बाटली तिची आहे.