हा सराव आहे

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
अग्निशमन केंद्राच्या माडीवर आम्ही जमतो.
पावाची गाडी चालवणारा मी,
शिंपल्यांच्या कारखान्यातली यास्ना,
आणि एदुविनाबाई, क्लबच्या चिटणीस,
ज्यांच्या पिशवीत विणायच्या सुया, लॉगबुक
आणि उकडलेले बटाटे
एकाच फडक्यात बांधलेले असतात.

थोडं बोलायचं, हे त्यांनीच शिकवलं.
आधी ऐक. मग पुन्हा ऐक.
बटण दाबलंस की एक श्वास थांब,
नाहीतर पहिला शब्द समुद्रात पडतो.
आणि बोलून झालं की म्हण, "काम्बियो".
म्हणजे बदल. म्हणजे माझं संपलं, आता तू.
माझी बायको म्हणते,
एवढा एक शब्द घरी आणलास तरी पुरे.

आज वीज मुद्दाम बंद.
सेट बोटीच्या बॅटरीवर,
तार खिडकीतून निघून समोरच्या सफरचंदाला बांधलेली.
कागदावरचा भूकंप दहा वाजून पाच मिनिटांनी झाला.
कागदावरचा धक्का पाण्यात गेला.
कागदावरच, शाळेच्या मैदानात, चौदा माणसं.
त्यांची यादी बाईंनी रात्री जागून केली.

यास्नाची पहिलीच वेळ. अंगठा पांढरा पडलेला.
"हा सराव आहे. हा सराव आहे.
मेचुके, मेचुके, ऐकू येतंय का? काम्बियो."
खरखर.
मग बेटावरून म्हातारा नोलबेर्तो:
"ऐकतोय. सावकाश सांग, पोरी.
माझी पेन्सिल माझ्याच वयाची आहे."

पहिली, हात मोडलेला. दुसरा, दम्याचा, औषध हवं.
तिसऱ्याचं आडनाव तीनदा सांगावं लागलं.
"सातवा. अक्षरं घ्या.
ऑस्कर, लिमा, एको, गोल्फ,
अल्फा, रोमिओ, इंडिया, ऑस्कर."
(इंडिया! आमच्यातल्या कुणी पाहिला नाही तो देश,
आम्हाला तो नुसता एक उभा दांडा.)
"ओलेगारिओ. वय अकरा. स्थिती, सुखरूप.
घोंगडी दिली आहे. काम्बियो."

पलीकडून काही नाही.

साठ सालच्या मे महिन्यात समुद्र मागे सरला
आणि पोरं टोपल्या घेऊन
उघड्या पडलेल्या तळावर शिंपले वेचायला धावली,
हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे,
म्हणून कुणी सांगत नाही.
दोघं एका टोपलीचे दोन कान धरून गेले होते.
परत आला तो नोलबेर्तो.
दुसरा बाईंच्या घरचा.

नियम म्हणतो, तीस सेकंद वाट पाहा.
मी घड्याळ धरलं. चाळीस. पन्नास.
यास्नाने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हाक मारू?
मी मान हलवली. नको.

"सातवा," आवाज आला. "नाव पोचलं.
वय पोचलं.
स्थिती नीट ऐकू आली नाही. पुन्हा सांगा. काम्बियो."

सिग्नल लखलखीत होता. सुई नऊवर.

यास्नाने तोंड उघडलं, तोवर बाई उठल्या होत्या.
चिटणीस सरावात बोलत नाही, हा त्यांचाच नियम.
मायक्रोफोन घेतला, बटण दाबलं,
एक श्वास थांबल्या.
"सुखरूप," म्हणाल्या. "घोंगडी दिली आहे.
हा सराव आहे, नोलबेर्तो."

आणि काम्बियो म्हणायला विसरल्या.

त्यामुळे आता कुणाची पाळी
हे कुणालाच कळेना.
लाकडी छपरावर पाऊस.
बटाटे गार होत होते.
बऱ्याच वेळाने बेटावरून दोनदा नुसतं बटण दाबल्याचा आवाज,
टक, टक,
म्हणजे पोचलं, असं आम्ही धरतो.

"आठवा," यास्ना म्हणाली, "घोटा मुरगळलेला."

संध्याकाळी लॉगबुकात मी लिहिलं:
संदेश चौदा. पोचले चौदा.
शेरा: सातव्याला उशीर लागला.