मुरड

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. लेक सुपीरिअरवरचा वारा
तळघराच्या इवल्या खिडकीवर नखं घासतोय.
बर्फ झटकून मी जिना उतरते. आर्विद कांगास
प्रेसपुढे स्टुलावर, पाठ माझ्याकडे.
"उशीर केलास."
माझा सासरा. म्हणजे, होता.
घटस्फोटाच्या कागदांत
सासऱ्याचं पुढे काय करायचं, ते लिहीत नाहीत.

दारू भरायचं काम त्यानं पहाटे एकट्यानं उरकलंय
(त्या वेळी कुणी बोललेलं त्याला खपत नाही),
एकेका पुंगळीत विजेरीचा झोत टाकून
पातळी बघून घेतलीये. लाकडी ठोकळ्यात वीस पुंगळ्या
आ वासून,
दंतवैद्याकडे बसल्यासारख्या.
दांडा तेवढा माझ्याकडे. त्याचा उजवा हात
दोन वर्षांपासून स्वतःशीच काहीतरी हलवत असतो.

"आधी लाइलचं आण."

खणात, खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत, कापसावर
एक काडतूस. आत दारू नाही,
बुडाला प्रायमरच्या जागी नुसतं भोक.
माझ्या नवऱ्यानं बाराव्या वर्षी केलेलं
(नवऱ्यानं. तेही, होता).
ते वर चढवायचं, मग डाय फिरवत खाली आणायची
टेकेपर्यंत. मग खुंटी, टेकेपर्यंत.
दर वर्षी सगळी मापं याच्यावरून,
जे कधी उडणार नाही त्याच्यावरून.
"माझ्याच्यानं इतकं नेमकं कधी झालं नाही,"
म्हातारा म्हणतो. लाइल टक्सनला असतो.
फोन करत नाही. याला नाही, मला तर नाहीच.

बोथट नाकाची गोळी पुंगळीच्या ओठांवर
दोन बोटांनी तोलून धरायची, दांडा ओढायचा.
ती आत सरकते, लोण्यातून नव्हे,
नव्या बुटात पाय जावा तशी.
आणि अगदी शेवटी, बोटभर अंतर उरलं की
ओठ आत वळतात, गोळीच्या कमरेवरच्या खाचेत.
तिथेच वळायला हवेत. नळीत काडतुसं
एकामागे एक निजलेली असतात,
पहिला बार झाला की बाकीच्यांना हिसका बसतो,
सैल असेल ती गोळी आत ढकलली जाते.

मुरड मला नवी नाही. याच्या बायकोनं शिकवली,
वरच्या स्वयंपाकघरात, पेस्टीची:
मांस, बटाटा, रुटाबागा, आणि कडेनं अंगठा
दाबत, दुमडत, दाबत.
कमी पडली तर भट्टीत तोंड उघडतं.
जास्त झाली तर, ती म्हणायची, पोट फाटतं,
आणि पिठाला दोष देऊ नकोस.

आर्विदनं हात माझ्या मनगटावर ठेवलाय.
हात थरथरतो, पण दांड्यातून वर येणारं
त्याला माझ्याआधी कळतं.
पाचवी, सहावी. सातव्याला "थांब",
आणि तोवर उशीर.

पुंगळीचा खांदा फुगलाय, केसभर.
मला दिसतही नाही. तो नखानं चाचपतो.
"ही बंदुकीत शिरायची नाही."
कॉफीच्या डब्यात टाकतो, तिथे अशा बऱ्याच आहेत,
चिकटपट्टीवर सालं लिहिलेल्या.
"जास्त आवळलं गेलं," म्हणतो.
कुणाकडून, ते सांगत नाही.
डबीतल्या कापसाकडे बघत बसतो
आणि मी दांडा वर धरून उभी,
हीटर टिकटिकतोय.
"हं. पुढची."

एकोणीस. तो मोजतो, परत मोजतो.
पंधरा तारखेला हरणांमागे तो जाणार नाही,
हे दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून बोलत नाही.
खोक्यावर तो तारीख घालतो, दारूचं नाव, वजन,
खाली वाकडंतिकडं, पेन्सिल मोडेल इतकं दाबून:
दांडा – रोडा कांगास.

कांगास. मी वाचते.
खोडरबर तिथेच पडलेलं असतं,
मी वर जाऊन कॉफी ठेवते.