खुर्च्या किती

रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं तेव्हा
कुलरमधलं पाणी संपलं होतं,
अक्कलकोट रोडवर एप्रिल पेटलेला,
नरसप्पाशेठनी पाकीट उलटंपालटं केलं
आणि माझ्याकडं सरकवलं:
“वाचा. मराठीत वाचा.”

मराठीत एवढंच होतं त्यात की
टॉवेलवर फुलं काढायचं जे सॉफ्टवेअर आपण वापरतो
ते आपलं नाही.
आणि खाली एक प्रश्न, सीट किती.
मी म्हटलं, खुर्च्या किती, विचारतायत.
शेठ उठून मोजायला लागले.
प्लास्टिकच्याही मोजल्या,
वॉचमनची, एक पाय सुतानं बांधलेली, तीसुद्धा.

तपासायला पुण्याहून पोरगा आला. सभ्य होता.
चहा नको म्हणाला, पाणी दोनदा घेतलं.
पाचांतल्या तीन कॉम्प्युटरांत निघालं.
तिसरा तर दोन वर्षं मेलेला,
टॉवेलखाली झाकून ठेवलेला,
खंडेनवमीला मागांबरोबर
त्यालाही हळदकुंकू लागतं म्हणून.
पोरानं बटण दाबलं
आणि मेला सुरू झाला.

रात्री मी हिशोब मांडला.
एका खुर्चीचे एक लाख ऐंशी हजार.
तीन खुर्च्या.
एका टॉवेलमागं आम्हाला सुटतात चार रुपये,
सुताचा भाव शांत असेल तर.
म्हणजे एक लाख पस्तीस हजार टॉवेल
फुकट विणायचे.
इतकी ओली अंगं मला डोळ्यांपुढं आणता येईनात.
मागच्या वर्षांचं वेगळं, वकिलाचं वेगळं,
वकिलाकडं जायचं तर हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट वेगळं.
नवा कॉम्प्रेसर पुढच्या वर्षावर.
दिवाळीचा बोनस... तिथं मी पेन्सिल वापरली.

राजण्णा पूर्वी जॅकार्डची कार्डं टोचायचा,
एका गुलाबाला दीड महिना.
आता बॉबिनखात्यात बसतो.
तो म्हणाला, “आमच्या भोकांना
कुणी लायसन विचारलं नव्हतं, बगा.”
सगळे हसले. शेठ हसले नाहीत.

कारण मागच्याच पावसाळ्यात
आमचा मोर दुसऱ्या गावच्या टॉवेलवर निघाला होता.
तोच पिसारा, तीच वाकडी मान,
श्रीलतानं चुकून उजवीकडं दिलेला डोळासुद्धा तसाच.
शेठ आठवडाभर नीट जेवले नाहीत.
“एकेका पिसाला पोरीनं रात्री जाळल्या,
आणि हे उचलून नेतात?”
तक्रारअर्ज मी टाइप केला,
मोराचं चित्र श्रीलतानं काढून जोडलं,
त्याच कॉम्प्युटरवर,
त्याच सॉफ्टवेअरमधून.
त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही.
माझ्या आलं होतं. मी गप्प बसलो.

शेठनी पैसे भरले. तीन हप्त्यांत.
भांडले नाहीत, हे पाहून वकीलच गोंधळला.
फक्त म्हणाले, “खुर्च्या कमी करा.”

तीनाची एक झाली.
मेलेला भंगारात गेला, हळदकुंकवासकट.
श्रीलताला पहिल्या तारखेपासून
शिलाईखात्यात कडा दुमडायला दिलं,
पगार तोच, असं सांगितलं,
तो तसा राहिला नाही.
तिची खुर्ची अजून तिथंच आहे,
बसायला रिजेक्ट टॉवेलची घडी,
मोर उलटा.
रिकाम्या खुर्चीला लायसन लागत नाही.

आता वही माझ्यापुढं उघडी आहे.
हा खर्च कुठं टाकू?
दुरुस्ती म्हणावं तर काही मोडलं नव्हतं.
दंड म्हटलं तर शेठना आवडणार नाही.
जुनी पानं चाळतो, तर सहा वर्षांपूर्वीची नोंद,
माझ्याच अक्षरात:
सात रस्त्याचा इम्तियाज, कॉम्प्युटरमध्ये डिझाइनचं टाकून दिलं,
रुपये अडीचशे.
खातं: किरकोळ.

पेनाचं टोपण काढून
मी बराच वेळ बसून आहे.
बाहेर चोवीस माग चालू आहेत,
माझ्या टेबलावरचा पेला
त्यांच्या तालावर सरकत सरकत
कडेपर्यंत आलाय.