तिसरा जुलै

गेनोवाइतेने मुळं लावली तेव्हा
उतेनाच्या त्या गल्लीत सगळे हसले:
या वयात कोणी बारमाही लावतं का?
बीट लाव, शेपू लाव,
सप्टेंबरात खाशील तरी.

पहिला उन्हाळा नुसती पानं.
दुसऱ्यात एकच फूल,
तेही गोगलगायीने कुरतडलेलं.
बर्फाखाली काय चाललंय, तिने उकरून पाहिलं नाही.
झोपलेल्या माणसाला
घडीघडी उठवून थोडंच बघतात.

तिसऱ्या जुलैत मोनार्डा अशी लाल झाली
की पोस्टमन सायकल टेकवून उभा राहिला.
मागोमाग एकिनेशिया, निळी साल्व्हिया,
आणि कुठून कुठून आलेली गुणगुण.

काल पहाटे फार गारठा होता.
एकिनेशियाच्या काटेरी बोंडावर
एक भुंगा. पायांना पराग, हालचाल नाही.

तिच्या भाषेत जनावर मरतं त्याला एक शब्द,
माणूस जातो त्याला दुसरा,
आणि मधमाशीला माणसाचाच.
भुंग्याला कुठला, तिला ठरवता येईना.
झारी हातात तशीच.

ऊन कुंपण ओलांडून आलं.
आधी एक पंख थरथरला.

शब्द तिने परत ठेवून दिला
आणि पाणी पलीकडच्या फ्लॉक्सला घातलं.