पाय

डब्यावर चिठ्ठी एका मारधाडीच्या पिक्चरची,
आत निघालं भलतंच.
नॅरोगेजच्या गाडीनं आलेली पेटी
लाडखेडच्या फलाटावर मी उतरवली, वय तेरा,
रहेमत ऑपरेटरच्या हाताखालचा बिनपगारी.
कागदावर सात रिळं. मोजली तर सहा.

तंबू ठोकून झाला होता, तिकिटं फाटली होती.
मालक ढोकण्यांनी कपाळाला हात लावला,
मग म्हणाले, लाव.
पडद्यावर विलायत उगवली,
काळी-पांढरी, खाडीकाठचं गाव,
आणि इतकी धुई, इतकी धुई
की मागून कोणी ओरडलं,
अबे, काच पूस!

ठेसनातले बुकिंग क्लार्क सायमन खंडारे
भोंगा घेऊन पडद्याच्या बगलेत उभे.
साहेब चार वाक्यं बोलला की खंडारे एक बोलत:
'हा म्हणते, मी घरी नव्हतो.'
मडमेनं खिडकी लावली, दिवा मालवला.
'हे भेली.'
तेवढं आम्हालाही दिसत होतं.

बंदूक नाही, घोडे नाहीत.
म्हातारी मेलेली, आणि चुलीवर एक किटली
शिट्टी घालत राहते, घालत राहते,
उतरवायला कोणी येत नाही.
चारशे माणसं त्या किटलीनं गप्प केली.
रहेमतची विडी बोटाशी विझली.

सुभद्री आत्राम उकडलेल्या शेंगा विकायची,
टोपलं रिकामं झालं की फुकटात
पडद्याला नाक लावून भुईवर बसायची.
तिथून चेहरे नीट दिसत नाहीत.
ती एकदम बोलली,
'त्याचे पाय पाय!
रातभर चिखलात हिंडलो म्हणते,
अन् जोडे कोल्डे.'

हसलो आम्ही.
म्हातारीचा पुतण्या देखणा होता,
त्याच्या कोटाला इस्त्री होती.

सहावं रीळ संपलं तेव्हा
फौजदाराचा हात कडीवर होता.
मग नुसता पांढरा पडदा, त्यावर पाखरं.
ढोकणे दातओठ खात पुटपुटले, खंडारे, आटपा.
खंडारे खाकरले. भोंगा तोंडाशी नेला.
'खून नावाड्यानं केला. त्याले फाशी झाली.'

नावाडी दोनदा आला होता पडद्यावर,
फाटकी टोपी, एकच वाक्य,
तेही खंडाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
बंड्या जुंपल्या गेल्या, कंदील लांब गेले.

त्याच उन्हाळ्यात कापसाची गंजी पेटली.
आधी कोणाला उचललं, हे सांगायला
भोंगा लागला नाही.
सुभद्रीचा भाऊ तिथं हमाल होता.
अकरा महिन्यांनी सुटला, पुरावा नाही म्हणून.
तोवर ती ठाण्याच्या पायरीखाली बसून असायची,
आत जाणारे, बाहेर येणारे जोडे पाहत.

परवा भाचीच्या मोबाइलवर
अचानक तीच किटली.
तिकडेही म्हणे हा पिक्चर कोणाला आठवत नाही,
कुठल्याशा तळघरात डबे सापडले.
मी रात्री एकटा बसलो.
सातवं रीळ नऊ मिनिटांचं.
फौजदार आत येतो, काही विचारत नाही,
खुर्ची ओढून बसतो आणि खाली पाहतो.
कॅमेरा उतरतो सावकाश, चेहऱ्यावरून,
कोटाच्या गुंड्यांवरून,
जोड्यांवर थांबतो.

सकाळच्या एसटीनं तिच्या घरी गेलो.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बाजेवर बसलेली.
मीच सांगितलं सगळं, भोंग्याशिवाय.
'मंग?' म्हणाली, 'मी तवाच सांगतलं होतं.'
मग बराच वेळ सुपारी चघळत राहिली.
'अन् तो नावाडी?
सोडला का त्याले?'

नावाड्याला कोणी धरलंच नव्हतं, बाई,
ते आपल्याकडचं होतं, तंबूतलं,
असं म्हणायला तोंड उघडलं मी,
आणि माझे डोळे
माझ्याच जोड्यांवर गेले.