घोळणा

पहिल्यांदा दिसलं ते कुंपणाच्या पांढऱ्या फळीवर.
तीन थेंब, गंजाच्या रंगाचे.
मला वाटलं, खिळा गंजलाय.
नखानं खरवडलं, वास घेतला,
मग ब्रिकीनची डावी नाकपुडी पाहिली.

ना ती धावली होती, ना कुठं धडपडली होती.
रॉसकॉमनच्या चिखलट फेब्रुवारीत
दिवसदिवस नुसती तबेल्याच्या दारातून मान काढून उभी.

मॉसी लॅली म्हणाला, काडी गेली असेल नाकात.
त्याची बहीण म्हणाली, चर्चची मोठी किल्ली मानेवर ठेव,
आमच्या आईनं आमचे घोळणे असेच थांबवले.
ठेवली. हसू नका.
घोडी शहारली, किल्ली कोमट झाली,
रक्त थांबलं.
नऊ दिवस.

दहाव्या पहाटे बादलीत
पाणी म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

ग्रॉन्या मीहान दुर्बीण घेऊन आली.
मी डोकं धरलं, तिनं काळी नळी आत सरकवली.
पडद्यावर ओला गुलाबी बोगदा.
“इथं नाही,” ती म्हणाली. “इथंही नाही.”
मग एका फटीपाशी थांबली, नळी जरा वळवली
आणि आपण एका खोलीत आलो.

बावीस वर्षं घोडे पाळून मला ठाऊक नव्हतं
की त्यांच्या जबड्यामागे हवेची पिशवी असते,
डोक्याच्या आत एवढी रिकामी जागा,
आणि तिच्या छतावरून धमनी जाते,
भिंतीत न गाडलेल्या नळासारखी, उघडी.
तिच्यावर बुरशी. पिवळी, काळी,
भिजलेल्या पावावरची असते तशी.
प्रत्येक ठोक्याला तीही हलत होती.

“पुढचा घोळणा थांबायचा नाही,” ग्रॉन्या म्हणाली.
“आज रात्रीच किल्डेरला न्या, ते धमनी बंद करतील.”
आली कुठून ही?
तिनं खांदे उडवले. “हवेतच असते. नक्की कुणी सांगू नये.
वाळलेलं गवत कसं आहे तुमचं?”

गवत.
शॅननकाठच्या कुरणातलं, फिनबारनं कापलेलं.
आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, उद्या बांध.
तो म्हणाला, उद्याचं कुणी पाहिलंय.
ओलसरच बांधलं.
ऑगस्टात तो गेला.
शेजाऱ्यांनी नवं गवत देऊ केलं, मी नको म्हटलं.
त्याच्या गाठी एकेक करून सोडत होते,
काटकसरीनं,
एप्रिलपर्यंत पुरवायच्या म्हणून.

ट्रेलर मॉसीनं नेला.
कोंबड्या बंद करायच्यात असं सांगून मी मागे राहिले.
कोठारात दिवा लावला.
गठ्ठा वरून हिरवाच होता.
मधोमध हात घातला, कोपरापर्यंत.
राखाडी धूर उठला, थंड.
शिंक आली. मग आणखी एक.
मनगटानं नाक पुसलं
आणि दिव्याखाली ते मनगट धरून
बराच वेळ पाहत राहिले.